आउटरिगर नावेची शर्यत, आषाढातला वारा आणि गोसीखुर्दचं बॅकवॉटर: सराव कसा करू?

वैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळची पवनी तालुक्यातली, नोकरीमुळे ऑकलंडला असते. तिथे वाका आमाच्या क्लबात वल्हवते. ज्यांनी ही नाव पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सहा जणांची, साधारण ४५ फूट लांब आणि जेमतेम एक माणूस बसेल इतकी अरुंद नाव. डाव्या अंगाला दोन आडव्या दांड्यांवर एक तरंगता ओंडका बांधलेला असतो. ओंडक्याला आमा म्हणतात, दांड्यांना हवाईत इयाको. तो ओंडका काढला तर नाव किनाऱ्यावरच उलटेल. वल्हं एका पात्याचं. दहा-पंधरा वेळा एका बाजूने मारलं की हाक येते आणि सगळ्या जणी एकदम बाजू बदलतात.

सप्टेंबरच्या शेवटी आमच्या बायकांच्या संघाला हवाईत मोलोकाई ते ओआहू ही शर्यत करायची आहे. मधे कैवी सामुद्रधुनी, अंतर सुमारे ४१ मैल, म्हणजे ६५ किमीच्या आसपास. पुरुषांची शर्यत १९५२ ला सुरू झाली, तेव्हा तीनच नावा होत्या. बायकांची १९७९ पासून. चांगल्या संघांनाही साडेपाच-सहा तास लागतात, आम्हाला जास्तच लागतील. ईशान्येचा वारा तिथे सहज पंधरा-वीस नॉटचा असतो आणि दोन बेटांमधल्या त्या पट्ट्यात पाणी चांगलंच खवळतं.

अडचण अशी की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ऑगस्टपर्यंत मी गावीच आहे. क्लबने पाठवलेल्या तक्त्यात आठवड्यातून दोनदा 'खवळलेल्या पाण्यात सराव' असं लिहिलंय. माझ्याकडे काय आहे? वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर, चुलतभावाच्या मित्राचा पत्र्याचा डोंगा आणि सोबत आणलेलं वल्हं. वारा सुटल्यावर पाण्यात उतरावं की उतरू नये? उतरायचं तर कसं? आणि नाही तर दुसरं काय करता येईल? सल्ले आणि शिव्या दोन्ही चालतील.

सावजी_रस्सा
रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न नाही, फल्ली घेऊन बसलो.

आंबटवरण
विदर्भात बसून समुद्राची तयारी. आता कोणीतरी मालवणहून हिमालय चढायची तयारी कशी करू असा धागा काढा, म्हणजे राज्य समतोल होईल. (हलकं घ्या ताई, शुभेच्छा आहेतच.)

जुना_शाखा_अभियंता
पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, निवृत्त आहे. मस्करी बाजूला ठेवून लिहितो.

गोसीखुर्दचं पाणी पावसाळ्यात एका पातळीवर थांबत नाही. धरणाला ३३ दारं आहेत. वरून पाणी आलं की दारं उघडतात, पाऊस थांबला की पातळी पुन्हा धरतात. त्यामुळे काल दिसत असलेलं बुडीत झाड आज वीतभर पाण्याखाली असतं. जलाशयात गावं गेली, शेतं गेली, तशी झाडंही गेली. वठलेले बुंधे अजून उभे आहेत. पत्र्याचा डोंगा वाऱ्यात वेगाने जाऊन बुंध्यावर बसला तर उभा चिरतो. आणि पत्र्याचा डोंगा पाण्याने भरला की तळाला जातो, लाकडासारखा तरंगत नाही. तेव्हा पहिलं काम: तेलाचे १५ लिटरचे रिकामे डबे झाकण सील करून दोन्ही टोकांना, फळीखाली घट्ट बांधा. डोंगा बुडाला तरी तोंड वर राहील.

दुसरं: दारांच्या बाजूला फिरकायचं नाही. विसर्ग सुरू असताना भिंतीपासून लांबही पाणी ओढतं आणि वरून बघणाऱ्याला ते कळत नाही. विसर्ग किती चालू आहे ते जिल्हा प्रशासन रोज कळवतं, ते पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

तिसरं, लाइफ जॅकेट. यावर चर्चा नको.

जाळंवाला_लाखांदूर
काका चर्चा नको म्हणतात तर मी करतो जी. आमच्या घरी तीन पिढ्या जाळं टाकून रायले. जॅकेट घालून जाळं ओढता येत नाही, हात अडकते. आमच्या बापानं कधी घातलं नाही. पाण्यात पडला त डोंग्याले धरून राहाचं, सोडाचा नाही, एवढंच शिकवलं. पोहून काठ गाठाले गेला तो गेला.

बुंध्यांचं काका बरोबर सांगतात. आणखी एक, जलपर्णी. वारा फिरला का ते हिरवं गालिचं एका रात्रीत इकडून तिकडं जाते. त्यात वल्हं अडकलं का माणूस फसते. ताई, सकाळी काठावर उभं राहून पाहून घेजो, वारा कोणत्या बाजूनं हाय आणि जलपर्णी कुठं जमा होऊन रायली.

जुना_शाखा_अभियंता
@जाळंवाला, तुमच्या वडिलांच्या अनुभवाला नमस्कार. पण १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण गेले. एकाच कुटुंबातले. 'डोंग्याला धरून राहा' हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक, पाहुण्यांना नसतं. ताई पोहणारी असेल, तिच्यासोबत डोंग्यात बसणारी गावची पोरं असतील का? जॅकेट त्यांच्यासाठी.

जाळंवाला_लाखांदूर
हे पटलं जी. झुंजची बातमी आली तवा आमच्या घरी दोन दिवस कोनी डोंगा काढला नाही. जॅकेट घाला.

विषुववृत्त
मूळ प्रश्न 'खवळलेलं पाणी' हा आहे. जलाशयातलं खवळलेलं पाणी आणि महासागरातलं खवळलेलं पाणी यांत फरक काय, ते कोणी सांगेल का? नाहीतर जॅकेटवरच शंभर प्रतिसाद होतील.

मालवणी_वारा
मी सांगतंय. आमच्याकडे अजून उलांडी लावलेल्यो होडयो आसत. एका बाजूक उलांडी, दोन दांडे, सुंभान बांधलेले. म्हणजे ताईंची ती नाव आमका परकी नाय. (बाकी प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर विदर्भवाले भाषांतर मागतील.)

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोरात, किती वेळ आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून वाहतो. जलाशयात ही मोकळी लांबी फार तर काही किलोमीटर. म्हणून तिथली लाट बुटकी पण उभी, दोन-तीन सेकंदांनी एक, धडाधड. होडी सतत थापा खाते. भर समुद्रात वारा शेकडो मैल आलेला असतो, लाट उंच, पण लांब, सात-आठ सेकंदांनी एक. तिच्यावर होडी चढते आणि घसरते. ताईंच्या शर्यतीत खरी कमाई त्या घसरण्यात असणार. मागचं टोक उचललं जातंय असं वाटलं की चार वल्ही जीव खाऊन मारायची, होडी लाटेवर बसली की हात हलका करायचा. ते तुम्हाला गोसीखुर्द शिकवणार नाही.

पण बुटक्या लाटेत एक गोष्ट चांगली शिकता येते. ताल तुटला तरी वल्हं पाण्यात ठेवायचं. नवखा माणूस लाट आली की वल्हं वर उचलून कठडा धरतो, आणि तिथेच होडी जाते. पाण्यात असलेलं वल्हं हाच आधार.

आणि हो, 'मालवणला ये' असं मी म्हणणार नाही. जून-जुलै मासेमारी बंद, ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद. नारळी पौर्णिमेआधी आमचे म्हातारेसुद्धा दर्यात पाय घालत नाहीत, नारळ दिल्यावरच होडी ढकलतात.

वैनगंगाकाठ
@मालवणी_वारा, दंडवत. आमचा प्रशिक्षक एक तास बोलला त्यापेक्षा हे जास्त कळलं. उलांडीच्या होडीत डावीकडून लाट आली तर तुमच्याकडे काय करतात?

मालवणी_वारा
उलांडी ज्या बाजूला, त्या बाजूची लाट उलांडीला उचलते. होडी विरुद्ध बाजूला कलते आणि सगळे घाबरून त्याच कललेल्या बाजूला रेलतात. झालं, उलटली. म्हणून वजन नेहमी थोडं उलांडीकडे. जवळ बसलेल्याने दांड्यावर हात टाकायचा, तो उचलतोय असं वाटलं की अंग टाकायचं. उलांडी पाण्याखाली जाईल इतकंही रेलायचं नाही, नाहीतर होडी तिच्याकडे वळत राहते.

सावजी_रस्सा
म्हणजे राजकारणासारखंच. वजन थोडं इकडे, हात दांड्यावर, आणि उलटायची वेळ आली की दुसऱ्याला दोष.

तालीमवाला
अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो, आता गावात कबड्डीची पोरं घडवतो. माझा सल्ला कोरड्या जमिनीवरचा.

वल्हवणाऱ्यांच्या चित्रफिती बघितल्या. ताकद हाताची नाही, कमरेच्या पिळाची आणि पायाच्या रेट्याची दिसते. वरचा हात ढकलतो, खांदा पुढे जातो, कंबर वळते, समोरचा पाय तळाला रेटतो. म्हणून: मल्लखांब (दोरीचा असेल तर उत्तमच), ट्रॅक्टरच्या टायरला दोर बांधून बसल्या बसल्या ओढणं, आणि जोर. बैठका मारा, पण गुडघ्याचं ऑपरेशन आईचं झालंय, तुमचं नव्हे, एवढं लक्षात ठेवून मारा.

शिवाय डोंग्याच्या पोटाला आडवी सायकलची जुनी ट्यूब बांधा. पाणी अडतं, डोंगा जड होतो. थोड्या अंतरात पुष्कळ काम, आणि काठ सोडून लांब जायची गरजच नाही.

वैनगंगाकाठ
@तालीमवाला, ट्यूब बांधायची युक्ती आमच्या क्लबातही करतात! तिथे जाड लवचीक दोर गुंडाळतात. सायकलची ट्यूब सुचली नव्हती.

चिखलपाय
मी भंडारा जिल्ह्यातलीच, धान लावते. ताई, आषाढात गावात आहेस आणि व्यायाम शोधतेस? बांधीत ये. सकाळी सातला वाकायचं ते दुपारी जेवायलाच उठायचं. परे उजव्या हाताने रोवायचे, पाय मागे सरकवायचे, कंबर ताठ ठेवली तर संध्याकाळी मेलीस. रोवणीच्या एका हंगामात तुझी कंबर अशी होईल की हवाईच्या बायका विचारतील कोणती जिम.

मजुरी पण देऊ. यंदा बाया मिळत नाहीत.

आंबटवरण
हा या धाग्यातला सर्वोत्तम सल्ला. दोघांचा फायदा.

वैनगंगाकाठ
@चिखलपाय, आईसुद्धा अगदी हेच म्हणाली. 'वल्हं काय मारतं, रोवणीले चाल.' काल अर्धी बांधी रोवली. आज खुर्चीतून उठताना आईने मला हात दिला. ऑपरेशन कोणाचं झालंय तेच पाहुण्यांना कळेना.

गोळ्या_बिस्किटं
गोंदियात दवाखाना आहे. तीन गोष्टी.

एक, पाणी. नागपूरच्या नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्दात येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या पाण्यात उलटायचा सराव करायचा म्हणता? तोंडात जाणार, डोळ्यात जाणार. पायाला रोवणीच्या चिरा असतील तर पाण्यात उतरूच नका, पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो. बाहेर आल्यावर साबणाने आंघोळ, आणि ताप आला तर 'विषाणू असेल' म्हणून घरी न बसता डॉक्टरला पाण्यात उतरल्याचं आधी सांगा.

दोन, मीठ. सहा-सात तासांच्या मेहनतीत नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं जड, मळमळ, गोंधळ, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाजतात. ओआरएस हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. शर्यतीत काय प्याल त्याची चव इथेच लावून घ्या, ऐनवेळी पोट बिघडवून घेऊ नका.

तीन, आपल्याकडे जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावरचा उकाडा एप्रिलच्या उन्हापेक्षा वाईट. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. नवतपा संपला म्हणून बेफिकीर होऊ नका. पहाटेचा सराव करा.

सावजी_रस्सा
अवांतर: गोसीखुर्दच्या झिंग्यांचा रस्सा कोणी खाल्लाय का? नाग नदीचं वाचून आता भूक गेली, पण विचारून ठेवतो.

जाळंवाला_लाखांदूर
भाऊ या घरी. झिंगे, तिखट, वरून भाकर. डॉक्टरसाहेबांले नका सांगू.

गोळ्या_बिस्किटं
सांगा की. मीही येतो. शिजवून खाल्लं तर माझा आक्षेप नाही.

बुडीत_गावचा
झिंग्यांवर हसा खुशाल. त्या बॅकवॉटरखाली आमचं घर आहे, चिंचेसकट. १९८८ साली भूमिपूजन झालं तेव्हा माझा बाप तरणा होता. आता तिथे शर्यतीचा सराव म्हणता. ताईंवर राग नाही, त्यांच्या गावाचंही काही गेलंच असेल. पण लोकांनी एकदा हेही आठवावं.

वैनगंगाकाठ
@बुडीत_गावचा, आत्याचं गाव गेलं. लग्नातला मांडव ज्या अंगणात पडला ते अंगण पाण्याखाली आहे. तिला सांगितलं नाही अजून की मी त्याच पाण्यात उतरतेय. सांगेन.

बुडीत_गावचा
सांगा. आणि चिंचेचा बुंधा दिसला तर वळसा घाला, जुना आहे, मजबूत आहे.

विषुववृत्त
पुन्हा मुद्द्यावर. वीज. विदर्भात दरवर्षी शेतात, झाडाखाली माणसं जातात. मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे डोंग्यात बसलेला माणूस. पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं 'दामिनी' ॲप फोनमध्ये टाका, आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. आणि साधा हिशेब: वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर तडक पाण्याबाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत उतरायचं नाही. तुमच्या तक्त्यातलं 'खवळलेलं पाणी' विदर्भात बहुतेक वेळा ढगांसकट येतं, वारा एकटा येत नाही. हवाईतला वारा निरभ्र आकाशातही वाहतो, हा मोठा फरक आहे. त्यामुळे तुमच्या प्रशिक्षकाचा तक्ता इथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.

मालवणी_वारा
+१. हे मी विसरलो होतो. आमच्याकडे जूनच्या मध्यानंतर वीज कमी होते, सलग पाऊस लागतो. तुमच्याकडे सप्टेंबरातही कडाडते.

आंबटवरण
थोडक्यात: वारा असेल तर वीज, वारा नसेल तर सराव नाही. ताई, भोपाळला जा. बड्या तलावावर मध्य प्रदेशची वॉटर स्पोर्ट्स अकादमी आहे.

विषुववृत्त
भोपाळला सपाट पाण्याच्या शर्यतींचा सराव होतो. त्यांना लाट नको असते, यांना हवी आहे. आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला काय भोपाळला नेणार?

होडीतली_काकू
नागपूरची, मुलगा होनोलुलूला असतो, दोनदा जाऊन आलेय. ही शर्यत लांबून पाहिली आहे, म्हणून लिहिते. लाटांपेक्षा माझ्या लक्षात राहिली ती माणसांची अदलाबदल. नाव थांबतच नाही! साथीची मोटरबोट पुढे जाते, ताज्या दमाच्या बायकांना नावेच्या वाटेत पाण्यात सोडते. त्या समुद्रात ओळीने डोकी वर काढून थांबतात. नाव त्यांच्या अंगावरून जाईल अशी येते, आतल्या दमलेल्या बायका उजवीकडून पाण्यात पडतात आणि बाहेरच्या डावीकडून, त्या ओंडक्याच्या बाजूने, कठडा धरून एका झटक्यात आत. माझ्या शेजारची बाई 'हे काय, हे काय' करत होती, ती मीच.

तर बाई, तुला लाट मिळो न मिळो, खोल पाण्यातून चालत्या डोंग्यात चढता येतं का ते बघ. ते तर गोसीखुर्दातही होईल. गोसीखुर्द कशाला, आमच्या रामटेकच्या खिंडसीतही होईल.

तालीमवाला
काकू, सोन्यासारखा मुद्दा. हे शिकवता येतं. पाय मारून छातीपर्यंत वर, मग पोट कठड्यावर, मग वळून बूड आत. हाताने ओढून चढायला गेला तर खांदा जातो.

जाळंवाला_लाखांदूर
मी म्हणतो गोसीखुर्दच काऊन? मामा तलावात करा ना जी. गावोगावी माजी मालगुजारी तलाव हाय. छातीभर पाणी, ओढ नाही, बुंधे नाही, नाग नदीचं पाणी बी नाही. उलटवून पाहाचं असल त उलटवा. पोट्टे काठावर बसून टाळ्या वाजवन.

जुना_शाखा_अभियंता
शाब्बास. पाणी साठवायचं काम गोंड राजांच्या काळापासून हे तलाव करतच आहेत, आता हेही करतील. फक्त तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे लीजवर असेल तिला विचारून. बीज सोडलेलं असतं, पोरांनी गढूळ केलं तर भांडण होईल.

वैनगंगाकाठ
अपडेट, जरा लांबलचक.

मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांकडे चुलतभावाला घेऊन गेले. ते म्हणाले, 'दुपारी चारनंतर, जाळी काढल्यावर, आणि एक अट: माझ्या नातवाला वल्हं शिकवायचं.' मान्य.

आमा बनवला. सहा इंची पीव्हीसी पाइपचा दहा फुटी तुकडा, दोन्ही तोंडांना कॅप, आत सोल्युशन लावून. दांडे बांबूचे, घरामागचे, जरा वाकडे, पण इयाकोही वाकडेच असतात. बांधायला ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबच्या अंगठ्याएवढ्या रुंद पट्ट्या. समुद्रातल्या नावाही पुष्कळ ठिकाणी आता रबराच्या पट्ट्यांनीच बांधतात, त्यामुळे हे जुगाड नाही, परंपरा आहे असं मी सगळ्यांना सांगितलं. पट्टी कोरडी असताना ताणायची, एक फेरा दांड्यावर, एक पाइपवर, मधे फुलीने कसायची, आणि शेवटचं टोक मागच्या फेऱ्याखाली दाबायचं, गाठ नाही. भिजल्यावर गाठ सुटत नाही, आणि सुटायला हवी तेव्हाच ती अडते.

डोंग्यात सहा जण: मी, चुलतभाऊ, त्याचे तीन मित्र आणि अध्यक्षांचा नातू (जॅकेट दोन आकार मोठं, खाली सुतळीने बांधलं). अडचण ही की पत्र्याचा डोंगा बुडाला सपाट, तो उलटेचना! तिघांना उजव्या कठड्यावर उभं केलं तेव्हा कुठे गेला.

मग कवायत. उलटल्यावर पहिलं काम डोकी मोजणं. मागच्या जागेवर सुकाणू धरणारी असते, ती मोठ्याने एक ते सहा म्हणवून घेते, प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा. मग वल्ही गोळा. मग दोघं-तिघं उलट्या नावेवर चढून आडव्या दांड्याला धरून मागे झोकतात, दोघं आम्याला खालून वर रेटतात. नाव सुलटली की सगळे एकदम चढायचे नाहीत, ती पाण्याने भरलेली असते. दोघं आत, पाणी उपसायला, बाकीचे बाहेर धरून. उपसायला तेलाच्या कॅनचा खालचा भाग कापून घेतला होता.

पहिल्या खेपेला चुलतभावाचा एक मित्र आकडा ओरडेचना. आम्ही घाबरलो. तो डोंग्याखालच्या पोकळीत हवेत बसून हसत होता. त्याला बाहेर काढून काठावरच्या आजोबांनी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. त्यानंतर मात्र आकडे खणखणीत आले.

सावजी_रस्सा
शिव्या व्यनि (खासगी निरोप) करा.

जुना_शाखा_अभियंता
तेलाचे डबे बांधले होते का?

वैनगंगाकाठ
चार. डोंगा भरूनही दोन्ही टोकं वर होती. तुमचं नाव काढलं सगळ्यांनी.

होडीतली_काकू
चालत्या डोंग्यात चढलीस का?

वैनगंगाकाठ
चढतेय. भाऊ वल्हवतो, मी तलावाच्या मधे थांबते. छाती वर येते, पोट कठड्यावर येतं आणि तिथे मी म्हशीसारखी अडकते. तालीमवाल्यांचं 'मग वळून बूड आत' लिहायला सोपं आहे.

तालीमवाला
पाय मारायचे थांबवताय. पोट कठड्यावर आल्यावरही पाय चालूच ठेवा, तेव्हाच वळता येतं. दोरीच्या मल्लखांबावर अढी शिका, पोटरीची पकड येईल.

मालवणी_वारा
आता मूळ प्रश्न. गोसीखुर्दात वाऱ्यात उतरायचं की नाही? माझं मत बदललंय. पहिल्यांदा म्हटलं होतं बुटक्या लाटेत ताल शिका. पण वीज, बुंधे, पाण्याची ओढ आणि एकच डोंगा हे सगळं मिळून हिशेब जमत नाही. सोबत दुसरी होडी नसेल तर मी माझ्या पोरीला पाठवणार नाही.

विषुववृत्त
मी उलट म्हणेन. वीज नसलेला वारा विदर्भात असतोच, आषाढात पावसाची उघडीप असते तेव्हा दिवसभर पश्चिमेचा वारा चांगला वाहतो. आकाश पाहून, दामिनी पाहून, काठापासून शंभर-दीडशे मीटरवर, वारा काठाकडे येणाऱ्या बाजूला थांबायचं, म्हणजे काही झालं तर वारा काठावरच आणून टाकेल. वारा काठापासून आत नेणारा असेल त्या दिवशी मामा तलाव.

जाळंवाला_लाखांदूर
दुसरा डोंगा मी आणतो. मले बी पाहाचं हाय हे उलांडीचं. जॅकेट घालून येईन, काका खुश होतील.

जुना_शाखा_अभियंता
दोन डोंगे, वारा काठाकडे, विसर्ग बंद किंवा किरकोळ, डबे बांधलेले, जॅकेट सगळ्यांना: या पाच अटींवर माझी हरकत नाही. एक अट कमी असेल तर रोवणी.

चिखलपाय
अटी कमीच पडू देत देवा. पश्चिमेची बांधी अजून राहिली आहे.

वैनगंगाकाठ
ठरलं. रविवारी सकाळी सहा, पाऊस नसेल आणि वारा पश्चिमेचा असेल तर आमच्या गावच्या घाटावर. तो काठ पूर्वेकडचा आहे, म्हणजे वारा आम्हाला घाटाकडेच आणेल. जाळंवालेभाऊ डोंगा घेऊन येतील. डॉक्टरसाहेब, ओआरएसचा डबा घरी तयार आहे. क्लबला लिहिलं की 'खवळलेलं पाणी आठवड्यातून दोनदा'ऐवजी 'मिळेल तेव्हा एकदा, उलटायची आणि चढायची कवायत तीनदा, ट्यूब बांधून वल्हवणं दोनदा' असा तक्ता करते. प्रशिक्षकाचं उत्तर आलं: ठीक, पण रोवणी म्हणजे काय ते कळवा.

आंबटवरण
कळवू नका, बोलवा. आषाढ अजून उरलाय.

बुडीत_गावचा
रविवारी मीही येतो. बुंधे कुठे कुठे आहेत ते काठावरून बोट दाखवून सांगीन. पोरांना चुना आणायला सांगा, काठावरच्या दगडांवर खुणा करू.

सावजी_रस्सा
मी झिंग्यांसाठी येतो. जॅकेट एक्सएल.